सेनापतीनं बसावं कुठं?

14 जानेवारी 1761. पानिपतच्या मैदानावर दुपारपर्यंत पारडं मराठ्यांकडं झुकलेलं होतं. डावीकडं इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी रोहिल्यांची फळी खिळखिळी केली होती. मधोमध भाऊसाहेबांच्या हुजुरातीनं अब्दालीच्या वजिराला, शाहवलीखानाला, इतकं मागं रेटलं की तो घोड्यावरून उतरून तोंडात माती कोंबत आपल्या पळणाऱ्या माणसांना हाका मारत होता. आपला मुलूख लांब राहिला, पळून जाणार कुठं, असं विचारत होता.

आणि खुद्द अब्दाली? तो आपल्या फौजेच्या मागं, एका लहानशा लाल तंबूपाशी. ही हकीकत काशीराज पंडितानं लिहून ठेवली आहे. तो शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, म्हणजे त्याच बाजूच्या गोटात. सकाळी सगळ्या फळ्या डोळ्यांखालून घालून अब्दाली त्या तंबूकडं परत आला आणि खबरा ऐकत राहिला. वजिराची फळी मोडतेय असं कळल्यावर तो स्वतः तलवार उपसून धावला नाही. त्यानं आधी नसकची पाठवले, म्हणजे फौजेत धाक राखणारे लोक. काही छावणीत लपलेल्यांना हुसकून बाहेर काढायला, काही पळणाऱ्यांना मारून-मुटकून परत फिरवायला. मग हाताशी राखून ठेवलेली ताजी फौज दोन ठिकाणी सोडली, थोडी वजिराच्या मदतीला आणि थोडी मराठ्यांच्या बगलेवर.

इकडं विश्वासराव गोळी लागून पडले आणि भाऊसाहेब थेट लढाईच्या गर्दीत शिरले. त्या क्षणापासून मराठ्यांच्या बाजूला सगळं मैदान एका नजरेत घेणारा माणूसच उरला नाही. उजवीकडं होळकर आणि शिंद्यांच्या फौजा होत्या. त्यांनी आता काय करायचं, हे सांगणार कोण आणि सांगावा नेणार कोण?

पानिपत का गेलं याची कारणं पुष्कळ आहेत. उपासमार, यात्रेकरूंचा लवाजमा, तुटलेली रसद, आपापसातला बेबनाव. सगळं खापर एका तंबूवर फोडायचं नाही. भाऊसाहेबांचं शेवटचं लढणं वाचताना माझ्याही घशात आवंढा येतो. पण या लेखाचा विषय शौर्य नाही, तो लाल तंबू आहे. आजच्या लष्करी भाषेत त्याला कमांड पोस्ट म्हणतात.

आता कमांड पोस्ट म्हणजे नेमकं काय? सिनेमात दिसतं ते असं: अंधाऱ्या बंकरमध्ये मोठ्ठा नकाशा, त्यावर हात टेकलेला जनरल, तो टेबलावर मूठ आपटून हुकूम देतो. प्रत्यक्षात हुकूम देणं हे त्या जागेचं सगळ्यात थोडा वेळ चालणारं काम. बाकीचा दिवस जातो तो काय चाललंय हे कळून घेण्यात.

मोठं लग्नघर आठवून पाहा. स्टेजवर भटजी, नवरा-नवरी, मामा अंतरपाट धरून. सगळ्यांच्या नजरा तिकडं. पण कार्य पार पडतं ते दुसऱ्याच माणसामुळं. हॉलच्या मागच्या बाजूला, भटारखान्याच्या दारापाशी, खुर्ची टाकून एक काका बसलेले असतात. मांडीवर डायरी, खिशात दोन फोन, शेजारी दोन पळणारी पोरं. वऱ्हाडाची बस घाटात अडकली, हे पहिलं त्यांना कळतं. आचारी येऊन सांगतो, सिलिंडर दोनच उरलेत. बँडवाला विचारतो, वाजवायचं कधी. काका स्वतः वाढत नाहीत, अक्षता टाकायलाही उठत नाहीत. उठले आणि तेवढ्यात बसवाल्याचा निरोप आला, तर तो घेणार कोण? पंगत मागं-पुढं करायची की नाही हे ते त्या खुर्चीवरून ठरवतात आणि ठरवलेलं चारही बाजूंना एकाच वेळी पोहोचेल असं बघतात.

कमांड पोस्ट ही ती खुर्ची. फरक एवढाच की तिथं समोरची पार्टी तुमची बस मुद्दाम अडवत असते, आचाऱ्याला पळवून नेत असते आणि खुर्ची कुठं आहे हे शोधत असते.

आत शिरून पाहू. आपल्या लष्करातलं पायदळ ब्रिगेड घ्या, साधारण तीन बटालियन आणि त्यांच्या जोडीला तोफखाना, इंजिनियर, सिग्नल्स. तिचं मैदानातलं मुख्यालय म्हणजे जमिनीत खोदलेले दोन-चार बंकर, किंवा झाडीत जाळ्यांखाली लावलेल्या गाड्या आणि तंबू. ब्रिगेडियर कमांडर. त्याच्या हाताखाली ब्रिगेड मेजर, म्हणजे लढाईचं रोजचं गाडं हाकणारा माणूस. दुसरा डीक्यू. दारूगोळा, रेशन, पेट्रोल, खेचरं, जखमींना खाली आणणं, सगळं त्याच्या गळ्यात. गुप्तवार्तेचा अधिकारी शत्रूच्या बाजूनं विचार करायला. तोफखान्याचा प्रतिनिधी, कारण कुठल्याही संकटाला पहिलं उत्तर तोफाच देतात. आणि सिग्नल्सची माणसं, ज्यांची आठवण सगळं सुरळीत असताना कुणालाच होत नाही.

मध्ये नकाशाचा फळा. त्यावर पारदर्शक कागद ताणून बसवलेला आणि त्या कागदावर मेणाच्या पेन्सिलीनं खुणा. पुसता याव्यात म्हणून मेणाच्या, कारण दर तासाला काहीतरी पुसावं लागतं. नाटोच्या नकाशावर आपली फौज निळी आणि शत्रू लाल. सोव्हिएत वळणाच्या नकाशावर बरोबर उलटं, स्वतः लाल आणि शत्रू निळा. आज फळ्याच्या जागी पडदे आले आहेत, पण वीज जाते, म्हणून कागदाचा नकाशा अजून कुणी फेकलेला नाही.

शेजारी नोंदवही. आलेला प्रत्येक निरोप तिच्यात, वेळेसकट. समजा पहाटे 4 वाजून 12 मिनिटांनी एका बटालियनकडून निरोप आला, 'ओढ्यापलीकडून रणगाड्यांचा आवाज'. नवखा माणूस हे ऐकून सरळ कमांडरला उठवेल. मुरलेला अधिकारी उलट विचारतो. कुणी ऐकला? चौकीतल्या जवानानं की कुणी तिसऱ्यानं सांगितलं? किती वेळापूर्वी? आवाज जवळ येतोय की एकाच जागी आहे? वारा कुठून कुठं वाहतोय? मग तो नोंदवहीत दोन पानं मागं जातो. तिथं काल रात्रीची दुसऱ्याच बटालियनची नोंद असते, शत्रूच्या बाजूला झाडं तोडल्याचा आवाज. एकटी ती नोंद फुटकळ होती. आता दोन्ही नकाशावर ठेवल्या की दिसतं, ओढ्यावर गाड्या उतरवायला वाट तयार केली जातेय. दोन बटालियनच्या दोन जवानांनी दोन आवाज ऐकले, एकमेकांना ते कधी भेटणारही नाहीत. त्या दोन आवाजांची गाठ पडते ती या टेबलावर.

त्यानंतरची पंधरा मिनिटं खरी धावपळीची. तोफखान्याला तो उतार दिला जातो, इंजिनियरना विचारलं जातं की सुरुंग किती उरलेत, रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांची तुकडी हलवायची तर वाट कुठली, आणि वरच्या मुख्यालयाला, म्हणजे डिव्हिजनला, एक ओळीचा निरोप. मग कमांडरला उठवतात. त्याला विचारायचा प्रश्न एकच असतो, राखीव कंपनी आता सोडायची की थांबायचं. त्या एका 'हो' किंवा 'नाही'साठी बाकीचा पसारा.

या पसाऱ्यात सगळ्यात महाग वस्तू म्हणजे वेळ, आणि त्याचा एक जुना हिशेब आहे. हाती असलेल्या वेळेचा एक तृतीयांश भाग आपण विचाराला घ्यायचा, दोन तृतीयांश खालच्यांना सोडायचा. हल्ल्याला 24 तास आहेत. डिव्हिजननं 8 घेतले, 16 उरले. ब्रिगेडनं पाचेक घेतले, 11 उरले. बटालियननं साडेतीन. म्हणजे कंपनी कमांडरच्या हाती सात-साडेसात तास, त्यात तो उजेडात जाऊन जमीन पाहून येऊ शकतो. आता वरच्या साहेबांना आराखडा जरा जास्तच देखणा करायचा होता म्हणून त्यांनी 8 ऐवजी 16 तास घेतले असं धरा. खाली तोच हिशेब चालवला तर कंपनी कमांडरला साडेतीन तास मिळतात, आणि तेही रात्रीचे. देखण्या आराखड्याची किंमत अशी कुणीतरी तिसराच मोजतो. (आपल्याकडच्या ऑफिसांत हे कुणाला ओळखीचं वाटलं तर तो निव्वळ योगायोग.)

मूळ प्रश्नाकडं येऊ. ही खुर्ची टाकायची कुठं? पुढं टाकली तर आवाज कळतो, पण एकाच कोपऱ्याचा. मागं टाकली तर सगळा नकाशा दिसतो, पण शिळा. गेली शे-दीडशे वर्षं जगभरची सैन्यं याच दोन टोकांमध्ये हेलकावे खात आली आहेत.

फार मागं बसल्याचं उदाहरण म्हणजे 1914 चा सप्टेंबर. जर्मन फौजा फ्रान्समध्ये मार्न नदीपर्यंत पोहोचलेल्या. त्यांचा सरसेनापती मोल्टके, जुन्या नावाजलेल्या मोल्टकेचा पुतण्या, बसला होता लक्झेंबर्गमध्ये, एका शाळेत. उजव्या बगलेवरची त्याची सैन्यं तिथून दोनशेहून अधिक किलोमीटर लांब. बेतार, म्हणजे बिनतारी, यंत्रं थोडी, संदेश सांकेतिक लिपीतून सोडवायला लागायचे, त्यात तासन् तास जायचे, कधी अख्खा दिवस. पुढं पहिल्या आणि दुसऱ्या सैन्याच्या मध्ये 40-50 किलोमीटरची फट पडली आणि तिच्यात ब्रिटिश शिरायला लागले. मोल्टकेला हे तुकड्यातुकड्यांनी, उशिरा कळलं. शेवटी 8 सप्टेंबरला त्यानं काय केलं? रिचर्ड हेंच नावाच्या एका लेफ्टनंट कर्नलला मोटारीत बसवून पाठवून दिलं, जाऊन बघ म्हणाला. लेखी हुकूम नाही, सगळं तोंडी.

हेंच एकेका सैन्याच्या मुख्यालयाला भेट देत गेला. दुसऱ्या सैन्याचा ब्यूलो खचलेला होता. 9 तारखेला गाड्या, जखमी आणि रसदीनं तुंबलेल्या रस्त्यांमधून वाट काढत तो पहिल्या सैन्याकडं पोहोचला. तिथल्या लोकांना वाटत होतं आपण जिंकतोय. सेनापती क्लुक भेटलाच नाही, त्याच्या चीफ ऑफ स्टाफशी, म्हणजे मुख्यालयाचा कारभार हाकणाऱ्या अधिकाऱ्याशी, बोलणं झालं, आणि माघार ठरली. लाखोंची फौज मागं वळली ती एका लेफ्टनंट कर्नलच्या शब्दावर. इतिहासकार अजून भांडतात, हेंच चुकला की बरोबर होता. मला वाटतं तो प्रश्नच गौण आहे. त्या दिवशी सगळं चित्र पाहिलेला जर्मन सैन्यातला एकमेव माणूस मोटारीच्या मागच्या सीटवर बसलेला होता, हे जास्त महत्त्वाचं.

उलट टोक म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सेनापती रोमेल. नोव्हेंबर 1941, लिबियाचं वाळवंट. ब्रिटिशांचा मोठा हल्ला सुरू होऊन आठवडा होत आलेला. 24 तारखेला रोमेल रणगाडे घेऊन इजिप्तच्या सरहद्दीवरच्या काटेरी कुंपणाकडं सुसाट निघाला, ब्रिटिशांची पिछाडी कापायला. चीफ ऑफ स्टाफलाही बरोबर घेतलं. मागं मुख्यालयात उरला ऑपरेशन्सचा अधिकारी, लेफ्टनंट कर्नल वेस्टफाल.

त्या रात्री गंमतच झाली. रोमेलची गाडी बिघडली. तो आणि त्याच्या कोअरचा सेनापती क्रुवेल एका अवजड चिलखती गाडीत बसले. ती गाडी ब्रिटिशांचीच, पकडलेली. अंधारात कुंपणाची फट सापडेना, तेव्हा तिथंच मुक्काम केला. रात्रभर त्यांच्या अंगावरून भारतीय मोटारसायकलस्वार निरोप घेऊन ये-जा करत होते. त्या भागात आपली चौथी इंडियन डिव्हिजन होती. गाडी ओळखीच्या बनावटीची, म्हणून कुणी थांबून आत डोकावलं नाही. आफ्रिकेतल्या जर्मन फौजेचा मेंदू आपल्या डिस्पॅच रायडरांपासून हाताच्या अंतरावर होता आणि पोरं आपापली टपाल पोहोचवत पुढं निघून गेली.

इकडं वेस्टफालला रोमेल बेतारवर सापडेना. आणि जर्मनांनी वेढलेल्या टोब्रुक बंदरापाशी न्यूझीलंडचं सैन्य वेढा फोडत आतल्या फौजेला भिडायला आलेलं. शेवटी त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर 21 व्या पँझर, म्हणजे रणगाड्यांच्या, डिव्हिजनला परत फिरायचा हुकूम दिला. सेनापतीचा हुकूम एका लेफ्टनंट कर्नलनं फिरवला. रोमेल परतला तेव्हा आधी भडकला. मग नकाशासमोर जाऊन उभा राहिला, आणि त्यानं पुढं ब्र काढला नाही. नकाशा वेस्टफालच्या बाजूचा होता.

या दोन्ही चुका एकाच माणसाकडून, पंधरवड्याच्या आत झालेल्या बघायच्या असतील तर लांब जायला नको. 1962 चा ऑक्टोबर, आजचा अरुणाचल, नामका चू नदीचं अरुंद खोरं. चौथ्या कोअरचे सेनापती लेफ्टनंट जनरल ब्रिजमोहन कौल. कोअरचं मुख्यालय आसामात तेजपूरला. कोअर म्हणजे ब्रिगेडच्या दोन पायऱ्या वर, त्या भागातल्या सगळ्या सरहद्दीचा विचार करणारी जागा. पण कौल महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात थेट नामका चूवर जाऊन बसले. विरळ हवेत चालवेना तेव्हा एका हमालाच्या पाठीवर बसून खिंड ओलांडली. तिथं पोहोचून ते पलटणी हलवायला लागले. म्हणजे 7 व्या ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर जॉन दळवी शेजारी असताना, त्यांचं काम कोअर कमांडर करत होते आणि कोअर कमांडरचं काम कुणीच करत नव्हतं. 10 ऑक्टोबरला समोर चिनी हल्ला प्रत्यक्ष पाहिल्यावर परिस्थितीचं गांभीर्य त्यांच्या ध्यानात आलं. पुढं ते आजारी पडले, दिल्लीला आले आणि राहत्या घरातून, अंथरुणावर पडल्या पडल्या कोअर चालवू लागले. आधी शत्रूपासून हाकेच्या अंतरावर, मग पार दिल्लीत. कोअर कमांडरनं जिथं असायला हवं होतं त्या दोन टोकांमधल्या जागी ते महिनाभर फारसे नव्हतेच.

20 ऑक्टोबरच्या पहाटे चिनी तोफा सुरू झाल्या. टेलिफोनच्या तारा तुटल्या. बेतार संच मोजके. दळवींच्या पलटणी नदीकाठी लांबलचक पसरलेल्या, एकमेकींपासून तुटलेल्या. काही तासांत ब्रिगेड ही एक गोष्ट उरली नाही, वेगवेगळ्या ठिकाणी मरेपर्यंत लढणाऱ्या कंपन्या उरल्या. उरलेली माणसं घेऊन बाहेर पडायच्या प्रयत्नात असलेले दळवी 22 तारखेला चिन्यांच्या हाती सापडले.

मग जमवलं कुणी? एक उत्तर मला फार आवडतं ते दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीचं. माणूस म्हणून तो आत्मप्रौढीनं फुगलेला, त्याच्या सहकाऱ्यांनाही नकोसा. पण खुर्चीचा प्रश्न त्यानं सोडवला. त्यानं एकाची दोन मुख्यालयं केली. मोठं, मागचं, फायली-टेलिफोन-शेकडो माणसांचं, ते चीफ ऑफ स्टाफ द गिंगांच्या स्वाधीन. आणि स्वतःसाठी एक छोटं, पुढं सरकणारं. त्यात राहायला-कामाला तीन कॅराव्हान. त्यातल्या दोन इटालियन सेनापतींकडून पकडलेल्या, एक बेर्गोन्झोलीची आणि एक मेस्सेची. भिंतीवर रोमेलचा फोटो, प्रतिस्पर्धी काय करेल याचा विचार करायला. तीनही गाड्या आज इंग्लंडात डक्सफर्डच्या संग्रहालयात उभ्या आहेत.

पण त्याची खरी युक्ती गाड्यांत नव्हती, पोरांत होती. काही तरुण लायझन ऑफिसर, म्हणजे संपर्क अधिकारी, बहुतेक पंचविशीच्या आसपासचे मेजर. रोज सकाळी ते जीप घेऊन आघाडीवरच्या वेगवेगळ्या मुख्यालयांकडं सुटायचे. तिथले सेनापती काय सांगतात ते ऐकायचं, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा कसा होता हेही बघायचं. संध्याकाळी परत येऊन एकेकानं माँटगोमेरीला तोंडी सांगायचं. अधिकृत अहवाल कोअर, आर्मी असे जिने चढत वर येईपर्यंत प्रत्येक जिन्यावर थोडे गुळगुळीत होतात, पोरं आणायची ती बातमी खडबडीत असायची. धोकाही तेवढाच. युद्ध संपायला जेमतेम पंधरा दिवस उरले असताना, एप्रिल 1945 मध्ये, त्यातला जॉन पोस्टन वाटेत गाठला गेला आणि मारला गेला. हेंचचं काम आणि या पोरांचं काम वरवर सारखंच दिसतं. पण हेंच पाठवला गेला तो आग लागल्यावर, आणि निर्णयही त्यानंच घ्यायचा होता. ही पोरं रोज जायची आणि फक्त बघून यायची.

आता दुसरा त्रास. खुर्चीवर बसलेल्याला शोधणारेही असतात.

नॉर्मंडी, जून 1944. दोस्त फौजा किनाऱ्यावर उतरून चार दिवस झालेले. जर्मनांच्या पश्चिमेकडच्या रणगाडा दलाचा सेनापती गायर फॉन श्वेपेनबर्ग मोठ्या प्रतिहल्ल्याची तयारी करत होता. मुख्यालय काँ (Caen) शहराजवळच्या ला केन गावात, एका गढीच्या आवारात आणि फळबागेत. बेतारच्या मोठ्या गाड्या, कचेरीच्या गाड्या, तंबू, पुरेसं झाकलेलं काहीच नाही. बेतारवरून संदेश सतत जात होते, आणि जर्मन सांकेतिक संदेश फोडणाऱ्या ब्रिटिशांना त्यातून ठिकाण कळलं. 10 जूनच्या संध्याकाळी चाळीसेक टायफून विमानं रॉकेटं घेऊन आली, त्यांच्या जोडीला साठाहून अधिक मिचेल बाँबफेकी विमानं. चीफ ऑफ स्टाफ आणि डझनाहून अधिक स्टाफ अधिकारी ठार, गायर जखमी. रणगाडे जसेच्या तसे शाबूत होते. फक्त ते कुणी, केव्हा, कुठून हाकायचे हे ठरवणारं टेबल गेलं. मुख्यालय पुन्हा कामाला लागायला दोन आठवड्यांहून जास्त गेले आणि तो प्रतिहल्ला ठरल्यासारखा झालाच नाही.

कधी टेबल फोडायचीही गरज नसते, त्याची वाचा बंद केली तरी पुरतं. गोव्यातल्या जुन्या माणसांना 18 डिसेंबर 1961 ची सकाळ आठवत असेल. हवाई दलाची कॅनबेरा विमानं दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकत होती, तेव्हा हंटर विमानांच्या एका तुकडीचं लक्ष्य होतं बांबोळीचं बिनतारी केंद्र. पठारावरची ती इमारत पडली आणि पणजीतल्या पोर्तुगीज गव्हर्नर जनरलचा बाहेरच्या जगाशी बोलायचा मुख्य मार्ग तुटला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं शरणागती पत्करली.

मधल्या काळात मोठ्या सैन्यांना याचा विसर पडला. इराक आणि अफगाणिस्तानात बंडखोरांशी लढताना अमेरिकेच्या समोर ना विमानं होती, ना लांब पल्ल्याची रॉकेटं. मग मुख्यालयं सुखावली. मोठमोठे तंबू एकाला एक जोडलेले, एअर कंडिशनर, भिंतभर पडदे, रांगेनं खुर्च्या, बाहेर धडधडणारे जनरेटर आणि अँटेनांचं रान. काम छान चालायचं. पण असं मुख्यालय आकाशातून कसं दिसतं? उन्हात तापलेल्या जनरेटरांची रांग, चहूबाजूंनी येऊन मिळणारे चाकोऱ्यांचे रस्ते, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या रेडिओलहरींचा असा लखलखाट की शोधणाऱ्याला नकाशावर बोट ठेवायला वेळ लागू नये.

2022 मध्ये युक्रेननं सगळ्यांची झोप उडवली. खेरसनजवळच्या चोर्नोबायिव्का विमानतळावर रशियनांनी हेलिकॉप्टरं आणि मुख्यालयं आणून बसवली. युक्रेनच्या तोफा तिथं पुन्हा पुन्हा मारा करत राहिल्या आणि रशियन पुन्हा पुन्हा तिथंच येऊन बसत राहिले, इतकं की त्या गावाच्या नावावर युक्रेनमध्ये विनोद निघाले. 49 व्या सैन्याचे सेनापती जनरल रेझांत्सेव तिथं मारले गेले, असं मार्च अखेरीस युक्रेननं जाहीर केलं. पुढच्या नववर्षाच्या रात्री माकिइव्का इथं एका इमारतीत उतरलेले डझनावारी रशियन सैनिक रॉकेटांनी मारले गेले, तेव्हा खुद्द रशियाच्या संरक्षण खात्यानं कारण सांगितलं, जवानांनी मोबाइल वापरले. ते मुख्यालयही नव्हतं, नुसती राहायची जागा होती. हजार ठिकाणांशी बोलणाऱ्या मुख्यालयानं मग लपायचं कसं?

उत्तरं शोधणं चालू आहे. एका मोठ्या तंबूऐवजी पाच-सहा गाड्या, एकमेकींपासून लांब, वेगवेगळ्या झाडीत किंवा वेगवेगळ्या घरांच्या तळघरात. अँटेना आपल्या डोक्यावर न लावता बऱ्याच अंतरावर, मध्ये तार, म्हणजे रॉकेट आलंच तर अँटेनावर येईल. बोलायचं थोडं, लिहायचं त्याहून थोडं. एक मुख्यालय उठून हलत असताना दुसरं आधीच बसून कान लावलेलं. आणि सगळ्यात अवघड उपाय कागदावरचा आहे: खालच्याला 'काय साधायचं' एवढंच सांगायचं, 'कसं' ते त्याच्यावर सोडायचं. म्हणजे टेबल दोन तास मुकं झालं तरी कंपनी कमांडर अडून राहणार नाही. प्रशियन लष्करात हा विचार एकोणिसाव्या शतकात रुजला. तो बोलायला सोपा आहे. पण पडद्यावर प्रत्येक पलटणीचं थेट ड्रोनचित्र दिसत असताना हात बांधून बसणं कुठल्या जनरलला जमतं? नामका चूवर जाण्यासाठी कौलना निदान हमालाची पाठ तरी लागली होती. आज ते बसल्या जागी, एका क्लिकवर होतं.

विखुरण्याची किंमतही आहेच. एका टेबलाशी बसलेली माणसं मान वळवून एकमेकांशी बोलतात. तोफखानेवाल्याच्या भुवया उंचावलेल्या डीक्यूला दिसतात आणि तो न विचारता सांगतो, गोळे कमी आहेत. सहा तळघरांमध्ये वाटल्यावर त्या भुवया कुणाला दिसणार? म्हणून दिवसातून एकदा तरी सगळ्यांनी एकत्र यावं, असा मोह होतो. बरोबर त्याच वेळेची वाट वर घिरट्या घालणारं ड्रोन बघत असतं.

आणि या सगळ्या उपग्रह, टॅब्लेट, पडद्यांच्या गर्दीत युक्रेनच्या खंदकांमध्ये एक जुनी वस्तू परत आली आहे. सोव्हिएत काळातला टीए-57 फील्ड टेलिफोन. डब्यात बसवलेला, बाजूला हातानं फिरवायचा दांडा. दांडा फिरवला की तारेच्या दुसऱ्या टोकाला घंटी वाजते, आणि हवेत एकही लहर जात नाही. तार मात्र तोफगोळ्यानं तुटते, अगदी पहिल्या महायुद्धात तुटायची तशीच. मग रात्री एक जवान खांद्यावर रीळ घेऊन निघतो, चिखलात एका हातानं तार चाचपत, तुटलेलं टोक सापडेपर्यंत.